चुकीचा माग

नांदेड शहराजवळ गोदावरीच्या तीरावर विष्णुपुरी हे गाव वसले आहे. तेथे नदीला बांध घालून पाणी अडविलेले आहे आणि ते मोठमोठ्या पंपांनी उचलून उंचावरच्या कालव्यांत सोडले जाते. याच परिसरात एक मोठे शासकीय रुग्णालय आहे आणि १९८१ साली स्थापन झालेले, श्री गुरू गोविंदसिंहजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. पंप, रुग्णालय आणि महाविद्यालय यांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणासही वाटेल. परंतु तो संबंध आहे. मोटारीचा वेग आवरणाऱ्या किंवा रोग्याच्या हृदयाचे ठोके मोजणाऱ्या आधुनिक यंत्रांच्या पोटात पुष्कळदा नखाएवढा एक संगणक बसविलेला असतो. त्याला पडदा नसतो की कळफलक नसतो. आपल्या स्मृतीत साठविलेल्या आज्ञांप्रमाणे तो रात्रंदिवस मुकाट्याने हिशेब करीत राहतो. अशा आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. ती रचण्याची विद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकविली जाते.

या आज्ञावलीत एखादी चूक राहून गेली, तर ती शोधावी कशी? यंत्र थांबवून पाहावे, तर चूक नाहीशी होते; कारण ती चालत्या यंत्रातच घडत असते. नदीतला भोवरा पाहावयाचा, तर तो वाहत्या पाण्यातच पाहिला पाहिजे. पाणी थांबले की भोवराही उरत नाही. तसेच हे आहे.

संगणकाच्या चुकांचा माग घेण्याची विद्या आज पुष्कळ पुढे गेली आहे. परंतु तिच्या आरंभकाळी, संगणक हे नावही फारसे कोणास ठाऊक नव्हते तेव्हा, ज्या थोड्या लोकांनी ही वाट धीराने तुडविली, त्यांत ग्रेस हॉपर ही अमेरिकन विदुषी अग्रभागी होती.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. लहानपणापासून तिला प्रत्येक वस्तूच्या अंतरंगात डोकावण्याची हौस होती. ती सात वर्षांची असताना घरातल्या गजराच्या घड्याळाकडे तिचे लक्ष गेले. ठरलेल्या वेळी हे घड्याळ आपण होऊन कसे वाजते, याचे तिला मोठे नवल वाटे. एके दिवशी तिने ते उघडले. चक्रे, स्प्रिंगा आणि खिळे भराभर बाहेर आले. पण ते पुन्हा जुळविता येईनात. मग आतली रचना नीट पाहण्यासाठी तिने दुसरे घड्याळ उघडले, त्यानंतर तिसरे. आईच्या लक्षात ही गोष्ट येईपर्यंत घरातली सात घड्याळे सुटी होऊन पडली होती! आई रागावली नाही. इतर घड्याळांना हात लावावयाचा नाही, असे बजावून तिने एक घड्याळ मात्र मुलीच्या स्वाधीन केले.

आईला स्वतःला गणिताची आवड होती. वडिलांना आजारपणामुळे पुढे दोन्ही पाय गमवावे लागले. तरीही ते खचले नाहीत. मुलींनीही मुलांइतकेच शिकावे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. सोळाव्या वर्षी ग्रेसने व्हासार येथील महाविद्यालयात प्रवेश मागितला. पण लॅटिन भाषेत गुण कमी पडल्याने तिला परत फिरावे लागले. तिने वर्षभर अभ्यास केला आणि दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळविला. १९२८ साली ती पदवीधर झाली. १९३० साली व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी विवाह झाल्यावर ती ग्रेस हॉपर या नावाने ओळखली जाऊ लागली. १९३४ साली येल विद्यापीठाने गणितातील संशोधनाबद्दल तिला डॉक्टर ही पदवी दिली. त्यापूर्वीच ती आपल्या जुन्या महाविद्यालयात गणित शिकवू लागली होती.

पुढे दुसरे महायुद्ध भडकले आणि अमेरिकाही त्यात ओढली गेली. हॉपरबाईंचे पणजोबा नौदलात मोठे अधिकारी होते. आपणही नौदलात जावे, असे बाईंनी ठरविले. परंतु त्यांचे वय अधिक भरले आणि वजन कमी भरले. त्यांनी चिकाटी सोडली नाही. खास परवानगी मिळवून १९४३ च्या अखेरीस त्या नौदलात दाखल झाल्या आणि शिक्षणवर्गात पहिल्या आल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली झाली.

तेथे त्यांनी जे यंत्र पाहिले, तसे त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. त्याचे नाव मार्क एक. त्याची लांबी ५१ फूट आणि उंची ८ फूट असून वजन सुमारे ५ टन होते. त्यात साडेसात लाखांच्या आसपास लहानमोठे भाग होते. चक्रे फिरत, विजेच्या कळा उघडत व मिटत, आणि साऱ्या दालनात त्यांचा खडखडाट चाले. हे यंत्र एका सेकंदात तीन बेरजा करी. एका गुणाकारास त्याला सुमारे सहा सेकंद लागत. आजच्या दृष्टीने हा वेग हास्यास्पद वाटेल. पण त्या काळी तो मोठा चमत्कार होता. घड्याळ उघडून पाहणाऱ्या मुलीला जणू जगातले सर्वांत मोठे घड्याळच हाती लागले!

या यंत्राला आज्ञा द्यावयाच्या त्या कागदाच्या लांबच लांब फितीवर भोके पाडून. एक भोक चुकीच्या जागी पडले, तरी सारे उत्तर चुके. युद्धाचा काळ असल्याने यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावे लागे. तोफांच्या माऱ्याची कोष्टके त्यावर तयार होत. कोष्टकातला एक आकडा चुकला, तर तोफेचा गोळा भलतीकडेच पडावयाचा. म्हणून चूक लवकर आणि निश्चितपणे सापडली पाहिजे, ही केवळ गणिताची हौस नव्हती. तो जीवनमरणाचा प्रश्न होता.

हॉपरबाई आणि त्यांचे सहकारी यांनी यासाठी एक शिस्त बसविली. शेवटच्या उत्तरावर विसंबून राहावयाचे नाही. हाताने केलेल्या गणिताशी यंत्राचे आकडे ताडून पाहावयाचे; जेथे दोन्ही वेगळे पडतील, तेथून मागे मागे जात चुकीचे मूळ गाठावयाचे. आज्ञांमध्येच ठिकठिकाणी पडताळणी घालून ठेवलेली असे. एखादे उत्तर मर्यादेबाहेर गेले, की यंत्र आपोआप थांबे. चूक फितीत नसून यंत्रात आहे असा संशय आला, तर दालनातले दिवे मालवून बाई आपल्या पर्समधला लहानसा आरसा यंत्राच्या आत धरीत आणि भलत्या जागी ठिणगी पडते काय ते न्याहाळीत, असे सांगतात. यंत्र चालू असतानाच त्याच्या पोटात काय घडते ते पाहण्याची ही किती साधी युक्ती!

युद्ध संपल्यावर हार्वर्डमध्ये मार्क दोन हे नवे यंत्र तयार झाले. ९ सप्टेंबर १९४७ रोजी दुपारी ते बिघडले. शोध घेता घेता एका विजेच्या कळीत अडकून मेलेला पतंग सापडला. यंत्रातील दोषाला इंग्रजीत बग, म्हणजे किडा, म्हणण्याची पद्धत त्यापूर्वीही होती. विख्यात संशोधक एडिसन याने १८७८ सालीच तो शब्द त्या अर्थाने वापरला होता. येथे मात्र खराखुराच किडा सापडला! सहकाऱ्यांनी तो चिमट्याने काढला आणि नोंदवहीत चिकटवून, खरा किडा सापडण्याचा हा पहिलाच प्रसंग, अशी गमतीची नोंद केली. ती वही आजही अमेरिकेतील वस्तुसंग्रहालयात जपून ठेवलेली आहे. पतंग बाईंनी स्वतः शोधला नव्हता. पण ही हकीकत त्या पुढे आयुष्यभर मोठ्या रंगाने सांगत. त्या वहीत दिनांक, वेळ आणि यंत्रातली नेमकी जागा लिहिलेली आहे. कोणती चूक, केव्हा आणि कोठे घडली, हे लपविण्याऐवजी लिहून ठेवणे, हा त्या कार्यशाळेचा नियमच होता.

१९४९ साली हॉपरबाई फिलाडेल्फिया येथील संगणक बनविणाऱ्या कंपनीत दाखल झाल्या. तेथील बायनॅक नावाचा संगणक अष्टमान पद्धतीने आकडे मांडी. रोजच्या व्यवहारात नवानंतर दहा येतो. अष्टमानात सातानंतरच दहा लिहितात. तीसमधून चार वजा केले, तर एरवी सव्वीस उरतात, पण अष्टमानात तेच उत्तर चोवीस असे लिहिले जाते. या पद्धतीचा बाईंना इतका सराव झाला, की एक विलक्षण घोटाळा झाला. त्यांचा बँकेचा हिशेब तीन महिने जुळेना! त्यांचे बंधू बँकेत काम करीत. त्यांनी अनेक संध्याकाळी बसून खात्याची एकेक ओळ तपासली, तेव्हा मर्म उघड झाले. बाईंनी मधूनमधून अष्टमानात वजाबाक्या केल्या होत्या. शेवटची शिल्लक कितीही वेळा पाहिली असती, तरी ही चूक सापडली नसती. ती ओळीओळीने माग काढूनच सापडली.

या कंपनीत असतानाच बाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली. आज्ञावली रचणारे लोक एकमेकांच्या वह्यांतून उपयोगी आज्ञा हाताने उतरवून घेत, आणि नेमक्या त्याच वेळी चुका होत. इंग्रजी बी हे अक्षर घाईत तेरासारखे दिसे आणि तेरा म्हणूनच उतरले जाई. चुका शोधून काढणे चांगलेच. पण त्या जेथे जन्मतात ती जागाच बंद केली, तर अधिक चांगले नव्हे काय? हे उतरवून घेण्याचे काम संगणकाकडूनच का करवून घेऊ नये, असा विचार त्यांनी केला. १९५२ साली त्यांनी तशी आज्ञावली तयार केली. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो असले काम करणार नाही, असे म्हणून आरंभी अनेकांनी ती हसण्यावारी नेली. बाई डगमगल्या नाहीत. माणसाने आपल्या भाषेतील साध्या शब्दांत आज्ञा द्यावी आणि संगणकाने ती स्वतः उलगडून घ्यावी, येथपर्यंत त्यांनी मजल मारली. त्यांच्या या कार्याच्या पायावरच १९५९ साली कोबोल या भाषेची आखणी सुरू झाली आणि पुढे अनेक देशांतील बँका व कचेऱ्या यांचे हिशेब त्या भाषेत होऊ लागले.

१९६६ साली वयोमानामुळे त्यांना नौदलातून निवृत्त व्हावे लागले. पण काही महिन्यांतच त्यांना परत बोलाविण्यात आले. ते बोलावणे सहा महिन्यांचे होते. बाई मात्र पुढे एकोणीस वर्षे कामावर राहिल्या! व्याख्यानाला जाताना त्या तारेचे तुकडे बरोबर नेत. प्रत्येक तुकडा सुमारे ३० सेंटिमीटर लांब असे. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागात वीज फार तर एवढेच अंतर जाऊ शकते, हे त्या तुकड्यावरून श्रोत्यांच्या ध्यानात येई. डोळ्यांना न दिसणारा काळ त्या असा हातात आणून देत. आम्ही नेहमी असेच करीत आलो आहोत, हे उत्तर त्यांना मुळीच खपत नसे. म्हणून त्यांनी आपल्या खोलीत उलट्या दिशेने फिरणारे घड्याळ लावले होते. ते वेळ मात्र अचूक दाखवी!

१९८६ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, रिअर ॲडमिरल या उच्च पदावरून त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ नौदलाने एका युद्धनौकेस त्यांचे नाव दिले, आणि २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान अर्पण केला.

मार्क एकच्या खडखडाटाच्या जागी आज नखाएवढा निःशब्द संगणक आला आहे. तो एका सेकंदात कोट्यवधी क्रिया करतो. त्याच्या आत आरसा धरता येत नाही आणि वाटेल तेव्हा त्याला थांबविताही येत नाही. मोटार वेगाने फिरत असता तिचा संगणक मध्येच थांबला, तर ती आवरणार कोण? म्हणून आता अशा संगणकांतच एक वेगळी वाट ठेवलेली असते. मुख्य काम अखंड चालू असता, स्मृतीतील निवडक आकडे त्या वाटेने तारेवाटे बाहेर येतात आणि दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर त्यांची रेषा उमटत जाते. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता एखादा आकडा भलतीकडे उसळला, तरी रेषेवर तो टोकासारखा उठून दिसतो. या पाहण्यातही संयम लागतो. आकडे लिहिण्याचा भार मुख्य कामावरच टाकला, तर त्याची गती मंदावते, आणि कधी कधी शोधावयाची चूकच दडी मारते. पाहणाऱ्याने वाहत्या पाण्याला धक्का न लावता भोवरा पाहावयाचा असतो.

गोदातीरीच्या विष्णुपुरीत किंवा अन्य कोठेही एखादा विद्यार्थी आपल्या यंत्रातून उमटणारी अशी रेषा न्याहाळीत बसतो, तेव्हा तो दिवे मालवून आरसा धरणाऱ्या हॉपरबाईंचेच काम पुढे चालवीत असतो. साधने पालटली, शिस्त मात्र तीच राहिली. चूक होणे हा मनुष्याचा धर्म आहे. तिची लाज बाळगून ती झाकली, तर ती वाढते. धीराने तिचा माग काढला आणि ती प्रांजळपणे वहीत नोंदविली, तर तीच ज्ञानाचे दार उघडते. सात घड्याळे उघडणाऱ्या त्या लहान मुलीच्या आईने हे ओळखले होते. म्हणूनच तिने शेवटचे घड्याळ मुलीच्या हातून काढून घेतले नाही.