कांदोळीचे फादर फारिया आणि मनाचा आजार



पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या बाजूला एक पुतळा आहे. लांब झगा घातलेले एक पाद्री दोन्ही हात पुढे करून उभे आहेत आणि त्यांच्यासमोर एक स्त्री मागे कलली आहे. बांबोळीला पेशंट घेऊन जाणाऱ्या किंवा जुन्या गोव्याच्या फेस्ताला जाणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. पाहणाऱ्याला पटकन वाटते, की हे पाद्री त्या बाईच्या अंगातले भूत काढीत आहेत. खरी गोष्ट नेमकी उलट आहे. अशा अवस्थांमागे भूत नाही, जादू नाही, कोणाच्या हातातली अद्‌भुत शक्तीही नाही, हे ज्यांनी दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये उभे राहून सांगितले, त्या फादर जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा हा पुतळा. जग त्यांना आबे फारिया म्हणून ओळखते. आबे हा फ्रान्समध्ये पाद्र्यांना लावतात तो शब्द. आज आम्ही त्यांची जीवनकथा सांगणार आहोत आणि तिच्या आधाराने आपल्या घराघरांत दबक्या आवाजात बोलल्या जाणाऱ्या एका विषयाकडे येणार आहोत.

फारिया यांचा जन्म 31 मे 1756 रोजी बारदेशातील कांदोळी गावी, आजोळी झाला. वडील कायतान व्हितोरीन हे कोलवाळचे, आई रोजा मारिया कांदोळीची. वडिलांनी लग्नाआधी पाद्री होण्यासाठी अभ्यास सुरू केला होता. पुढे पतिपत्नीचे जमेना, तेव्हा ख्रिस्तसभेची परवानगी घेऊन ती दोघे वेगळी झाली. आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात गेली आणि वडिलांनी अर्धवट राहिलेला अभ्यास पूर्ण करून गुरुदीक्षा घेतली. मोडलेल्या घरातले हे एकुलते एक लेकरू. फेब्रुवारी 1771 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते वडिलांबरोबर जहाजाने पोर्तुगालला निघाले आणि नऊ महिन्यांनी लिस्बनला उतरले. तेथून त्यांना शिक्षणासाठी रोमला पाठवण्यात आले. तेथे 1780 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

लिस्बनला परतल्यावर राणी पहिली मारिया हिच्यासमोर प्रवचन करण्याचा मान त्यांना मिळाला. त्या प्रसंगाची एक आख्यायिका गोव्यात आजही सांगतात. दरबारचा थाट पाहून तरुण फारियांची बोबडी वळली, तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा जवळच असलेल्या वडिलांनी कोकणीत हळूच सांगितले, की समोर बसलेला सगळा भाजीपाला आहे असे समज आणि खुशाल कापत सूट. क्षणात भीती पळाली आणि प्रवचन सुरळीत पार पडले. आपल्या माणसाच्या दोन शब्दांनी मनाची अवस्था एवढी कशी बदलते, या प्रश्नाचे बीज तेथेच पडले असे म्हणतात.

त्याच राणीची पुढची हकिगत मात्र आख्यायिका नाही, इतिहास आहे. पती आणि थोरला मुलगा गेल्यानंतर राणी मारियाचे मन खचत गेले आणि 1792 साली ती राज्य करण्यास असमर्थ ठरली. कारभार मुलाकडे गेला. इंग्लंडच्या राजा तिसऱ्या जॉर्जवर उपचार करणारे डॉक्टर विलिस यांना तिच्यासाठी बोलावण्यात आले, पण गुण आला नाही. तिने धर्मासाठी आणि प्रजेसाठी केलेले सारे मागे पडून वेडी राणी हे नाव तिला कायमचे चिकटले. मनाचा आजार राजवाडा पाहत नाही आणि झोपडीही पाहत नाही. तो धार्मिक माणसालाही होतो. त्यात ना पाप असते, ना कोणाचा शाप.

गोव्यात 1787 साली पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचा कट उघडकीस आला. गोव्याच्या पाद्र्यांना वरच्या जागा मिळत नसत, ही त्यामागची एक मोठी तक्रार होती. संशयाची सावली लिस्बनमधल्या फारिया पितापुत्रांवरही पडली आणि 1788 मध्ये धाकटे फारिया पॅरिसला निघून गेले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. त्या धामधुमीत 1795 साली सरकारविरुद्ध उठलेल्या लोकांच्या एका तुकडीचे नेतृत्वही त्यांनी केले. पुढे मार्सेय आणि नीम या शहरांत त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले. त्यांच्या मृत्यूनंतर अलेक्सांद्र ड्युमा या कादंबरीकाराने मॉण्टे ख्रिस्तोच्या कथेतील तुरुंगातल्या विद्वान पाद्र्याला फारिया हेच नाव दिले. जगातील बहुतेक लोकांना ते या कादंबरीमुळेच माहीत आहेत. पण त्यांचे खरे काम वेगळे होते.

त्या काळी युरोपात मेस्मर नावाच्या डॉक्टरांच्या मताचा बोलबाला होता. माणसाच्या शरीरात चुंबकासारखा एक अदृश्य प्रवाह असतो, उपचार करणारा आपल्या हातांनी तो प्रवाह रोग्यात सोडतो आणि रोगी बरा होतो, असे ते मानीत. 1784 साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने चौकशी करून असा प्रवाह कुठेच नसतो, हा कल्पनेचा परिणाम आहे, असा निर्वाळा दिला. समिती तेथे थांबली. फारियांनी त्यापुढचा प्रश्न विचारला. कल्पनेचा परिणाम, हे कबूल. पण मग ती कल्पना माणसाच्या आत काम कशी करते?

ऑगस्ट 1813 पासून त्यांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. समोरच्या माणसाला ते खुर्चीत आरामात बसवीत, डोळे मिटून झोपेवर मन एकाग्र करायला लावीत आणि मग शांत, ठाम आवाजात झोपण्याची आज्ञा देत. काही जण त्या विशेष निद्रेत जात, काही जात नसत. फारियांनी यातून निष्कर्ष काढला तो असा, की शक्ती प्रयोग करणाऱ्याच्या हातात नाही. जे घडते ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडते. सांगणारा फक्त निमित्त असतो. ज्याचे रक्त पातळ त्याला ही निद्रा लवकर येते, असेही ते मानीत. हे मत पुढे टिकले नाही. पण मूळ सिद्धांत टिकला. संमोहनाला इंग्रजीत हिप्नॉटिझम हे नाव मिळाले ते त्यांच्या मृत्यूनंतर, जेम्स ब्रेड या डॉक्टरांमुळे, आणि फ्रान्समधील नान्सी येथील डॉक्टरांनी पुढे सूचनेच्या सामर्थ्याचा शास्त्रीय अभ्यास केला.

जिवंतपणी फारियांच्या वाट्याला मात्र उपहासच आला. एका बाजूने चुंबकवादी चिडले, कारण फारियांनी त्यांची विद्या खोटी ठरवली. दुसऱ्या बाजूने काही धर्मनिष्ठ मंडळी हा सैतानाचा खेळ म्हणू लागली. 1816 साली पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टर उडवणारे नाटक आले आणि प्रयोगांना येणारी गर्दी ओसरली. शेवटची वर्षे त्यांनी गरिबीत काढली. त्याच दिवसांत त्यांनी आपला ग्रंथ लिहून काढला. 20 सप्टेंबर 1819 रोजी झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. गोव्याचे डॉक्टर दालगादो यांनी 1906 साली त्यांचा ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध केला. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला पणजीचा पुतळा 1945 साली उभा राहिला. पणजीच्या जुन्या मनोरुग्णालयालाही पुष्कळ वर्षे त्यांचेच नाव होते. त्याचे काम आज बांबोळीच्या संस्थेत चालते.

फारिया मनोरुग्णांचे डॉक्टर नव्हते, हे येथे स्पष्ट सांगायला हवे. त्यांचे चरित्र वाचून कोणी संमोहन करणाऱ्याच्या शोधात निघू नये. त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच, की समोरचा माणूस म्हणजे कोणीतरी काहीतरी करण्याची वस्तू नव्हे. त्याचे मन त्याचे स्वतःचे आहे, ते आजारी असले तरीही.

हे आपल्या भागात पटवून देणे सोपे नाही. मुलगा एकटाच बोलू लागला, सून जेवेना-झोपेना, म्हातारा रात्री-अपरात्री घराबाहेर पडू लागला, की आधी बाहेरची बाधा पाहिली जाते. मग अंगारा, गाऱ्हाणे, गंडा. आपण ख्रिस्ती लोकही त्यात मागे नाही. आमच्याकडेही माणूस आणतात आणि सैतान काढा म्हणतात. ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्वच्छ आहे. आजार, विशेषतः मनाचा आजार, ही वेगळी गोष्ट असून तिच्यावरील उपचार हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, असे श्रद्धाग्रंथ सांगतो. आणि बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणत्याही धर्मगुरूला सैतान काढण्याचा विधी करता येत नाही. आम्ही प्रार्थना करू, रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवू, घरी येऊन बसू. पण डॉक्टरची चिठ्ठी आणि गोळ्या थांबवायला आम्ही कधीही सांगणार नाही आणि दुसऱ्या कोणी सांगितले तर ऐकू नका.

बांधून ठेवण्याची गोष्ट तर फारच गंभीर आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, श्रद्धेने बरे होण्यासाठी आणून ठेवलेल्या मनोरुग्णांच्या झोपडीला आग लागली. पायांत साखळ्या असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. 28 जण जळून गेले. त्यांना तेथे आणणारे त्यांचेच घरचे होते आणि त्यांचा हेतूही वाईट नव्हता.

आज कायदा रुग्णाच्या बाजूने उभा आहे. 1912 च्या इंग्रजी अमदानीतील कायद्यात अशा माणसाला वेडा हाच शब्द होता. आता मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 लागू आहे. मे 2018 पासून त्याचा अंमल सुरू झाला. त्यातील काही गोष्टी प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात.

मनोरुग्णाला साखळीने बांधणे या कायद्याने पूर्णपणे बंद केले आहे. सरकारी सेवेत उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला, कार्ड असो वा नसो, तो मोफत मिळाला पाहिजे. आपण पुढे आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे सज्ञान माणूस आधीच लिहून ठेवू शकतो आणि आपल्या वतीने बोलणारा विश्वासाचा प्रतिनिधी नेमू शकतो. बळजबरीने किंवा अन्यायाने दाखल केले असे वाटल्यास त्याला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते. त्यासाठी वकिलाची मदत मोफत मिळते. केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कोणाला रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी कोठडीत टाकायचे नाही, रुग्णालयात न्यायचे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे आणि त्याला शिक्षेऐवजी आधार द्यायचा, असेही हा कायदा सांगतो.

आणखी एक. मानसिक आजाराचे निदान झाले म्हणजे माणूस कायद्याच्या दृष्टीने वेडा ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार फक्त न्यायालयाला आहे. भावाला गोळ्या चालू आहेत म्हणून सातबाऱ्यावरून त्याचे नाव काढू पाहणाऱ्यांनी हे नीट वाचावे. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मदत फार लांब नाही. 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. ऑक्टोबर 2022 पासून ती रात्रंदिवस मोफत चालते. फोन रुग्णानेही करावा, त्याची सेवा करून थकलेल्या आईनेही करावा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करता येते. 1886 पासून चालत आलेले मनोरुग्णालय रत्नागिरीला आहे. कायद्याच्या मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक 15100 आहे. दीर्घकाळच्या मानसिक आजाराला 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वात स्थान दिले आहे; त्याचा दाखला मिळाल्यास सवलती मिळू शकतात. अर्ज भरणे जमत नसेल, कोणाकडे बोलायला संकोच वाटत असेल, तर मिस्सानंतर आमच्याकडे या. गोष्ट आमच्यापाशीच राहील.

20 सप्टेंबर हा फादर फारियांचा स्मृतिदिन आणि 10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. या दोन दिवसांच्या मधल्या काळात प्रत्येक वाड्याने एक काम करावे. आपल्या वाड्यातले जे घर आजारी माणसामुळे फेस्ताला, लग्नाला, लदिनीला येईनासे झाले आहे, त्या घरी जावे. उपदेश करू नये. चहा घ्यावा, आजारी माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी आणि पुढच्या लदिनीचे आमंत्रण त्यालाही द्यावे.

आपले धर्मगुरू