‘गुलामगिरी’चं अर्पणाचं पान

महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ चा. ऐन तरुणपणी थॉमस पेन यांचं ‘राइट्स ऑफ मॅन’ त्यांच्या वाचनात आलं. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८५५ ला ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं, ते दक्षिणा प्राइझ कमिटीनं घेतलं नाही. भटजीनं नाडलेलं कुणबी जोडपं दाखवल्यावर कमिटी घेणार तरी कशी?

तिकडे अमेरिकेत काळ्या गुलामांची दुःखं पुस्तकांतून घराघरांत पोचत होती. फ्रेडरिक डग्लस यांची आत्मकथा १८४५ ची, स्टोव्हबाईंची ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५२ ची. या पुस्तकांनी राजकारण तापलं, १८६१ ला यादवी पेटली आणि १८६५ ला गुलामी कायद्यानं गेली.

जोतीरावांनी हे सारं मनात धरलं. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केली. आपण पुस्तकाचं नाव घेतो, हे पान मात्र सोडून देतो. आम्हाला तर तेच महत्त्वाचं वाटतं, कारण इथल्या शूद्रातिशूद्रांचं दुःख त्यांनी तिथं थेट जगाच्या चावडीवर मांडलं. त्याच साली २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज उभा राहिला. १८९० ला जोतीराव गेले. १९४६ ला बाबासाहेबांनी शूद्रांवरचा आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला.