सनदेशी इमान



परमपूज्य बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, धम्मदीक्षा देणारे म्हणून वंदन करतो. पण ते पोटासाठी कोणता व्यवसाय करीत होते, असे तुमच्या मुलाने विचारले तर? बाबासाहेब वकिली करीत होते. ती त्यांनी कशी केली, हे घराघरांत सांगितले पाहिजे. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोलीत राहणाऱ्या आपल्या माणसांना घराच्या, नोकरीच्या, वारसाच्या कामासाठी वकिलाचे दार गाठावे लागते. आणि आता आपलीच मुले काळा कोट घालू लागली आहेत.

लंडनच्या ग्रेज इनमधून 1922 साली ते बॅरिस्टर झाले. 1923 साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली करण्यासाठी सनद घ्यायची, तर तिच्या फीपुरते पैसेही जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ती अडचण दूर केली. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी कचेरी थाटली. बॅरिस्टरला काम मिळते सॉलिसिटरकडून, आणि सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरकडे फिरकत नसत. तेव्हा बाबासाहेब ठाण्यासारख्या जिल्ह्याच्या कोर्टांत जात. प्रपंचाला हातभार म्हणून 1925 पासून बाटलीबॉय संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. लक्षात घ्या, गरज होती म्हणून त्यांनी वकिलीची इभ्रत विकली नाही.

पक्षकार निवडताना त्यांनी जात पाहिली नाही, लोक काय म्हणतील हेही पाहिले नाही. 1926 साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील बदनामीच्या खटल्यात ते जवळकर, जेधे आदी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना सोडवून आणले. 1934 साली संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांचा खटला त्यांनी लढविला. तो ते हरले. पण ज्याच्या बाजूने कोणी बोलायला तयार नाही, त्याचीही बाजू कोर्टापुढे नीट मांडली जावी, हाच वकिलाचा पहिला धर्म होय.

आता ठाण्याची गोष्ट ऐका. 23 ऑक्टोबर 1928 रोजी पुण्यात सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांची साक्ष होती. साऱ्या अस्पृश्य समाजाचे गाऱ्हाणे मांडण्याची ती संधी होती. नेमका त्याच सुमारास ठाण्याच्या सेशन कोर्टात त्यांचा एक गंभीर खटला उभा राहिला. समाजाचे काम मोठे, म्हणून आरोपींना वाऱ्यावर सोडावे काय? की आरोपींसाठी समाजाची संधी घालवावी? बाबासाहेबांनी दोन्ही केले नाही. बचावाचे भाषण सरकारी वकिलाच्या आधी करू द्यावे, अशी त्यांनी न्यायाधीशांना विनंती केली. ती मान्य झाली. आपली बाजू पूर्ण मांडून मगच ते पुण्याला गेले. पुढे बहुतेक आरोपी सुटले, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. घेतलेले काम अर्धवट टाकायचे नाही, आणि अडचण आली तर ती कोर्टापुढे उघड मांडायची, हा धडा यात आहे.

सर्वांत कठीण परीक्षा महाडला झाली. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तोच स्पृश्यांनी दावा लावला आणि कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम काढला. 25 डिसेंबरला हजारो लोक जमले होते, तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेब त्या दाव्यात स्वतः प्रतिवादी होते. त्यांच्या एका शब्दावर हुकूम मोडला गेला असता. त्यांनी सत्याग्रह तहकूब करविला. लोक हिरमुसले. पण ज्या कायद्याच्या आधारे आपण हक्क मागतो, त्याच कायद्याच्या कोर्टाचा हुकूम मोडला तर मागायचे कोणाकडे? हा दावा महाड, ठाणे आणि उच्च न्यायालय असा चालला. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयानेही निकाल आपल्या बाजूने दिला. सव्वानऊ वर्षे लागली. पण त्या पाण्यावरचा हक्क कायद्याने पक्का झाला.

पुढे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात ते प्राध्यापक आणि 1935 साली प्राचार्य झाले. 1961 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, अॅडव्होकेट्स अॅक्ट आला. वकिलाने सबळ कारणावाचून व सूचना दिल्यावाचून काम सोडू नये, पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवावा, निकालावर अवलंबून फी ठरवू नये, असे नियम आज आहेत. ते मोडणाऱ्या वकिलाविरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. शिस्त समिती त्याला समज देऊ शकते, काही काळ वकिली बंद करू शकते, नावही कमी करू शकते. हे माहीत असू द्या. पैसे दिले तर पावती मागा, तारीख विचारा. त्यात संकोच कसला?

आणि ज्यांच्या घरी मुलगा वा मुलगी कायदा शिकत आहे, त्यांनी एवढे करावे. आपण पंचशील घेतो तेव्हा खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा करतो. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. खोटा साक्षीदार उभा करून मिळविलेली फी ही सम्यक आजीविका नव्हे, हे मुलांना आत्ताच सांगा. सनद हातात आल्यावर सांगायला उशीर झालेला असतो.

जय भीम!