चिकन जगभर गेलं, पण ग्रेव्हीसाठी म्हातारा शेवटपर्यंत भांडला! कर्नल सँडर्सची खरी कहाणी

पांढरा कोट, पांढरी बोकडदाढी, डोळ्याला चष्मा आणि गळ्याला काळी बारीक फीत. शहरातल्या मॉलमध्ये केएफसीच्या पाटीवर हसणारा हा म्हातारा सगळ्यांनी पाहिलाय. अनेकांना वाटतं, कंपनीनं कुणा चित्रकाराकडून काढून घेतलेलं हे नुसतं चित्र असेल. पण हा माणूस खराखुरा होता. त्याचं नाव हारलँड सँडर्स. जन्म ९ सप्टेंबर १८९०, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हेन्रीव्हिल गावाजवळ, शेतकऱ्याच्या घरात.

मोबाइलवर त्याची एक गोष्ट नेहमी फिरते. ६५व्या वर्षी खिशात दमडी नव्हती, हजारावर हॉटेलवाल्यांनी हाकलून दिलं, आणि मग नशीब उघडलं. ही गोष्ट फार तर अर्धी खरी. ६५ वर्षांचा होईपर्यंत सँडर्सनं पाव शतक हॉटेल चालवलं होतं आणि त्याचं नाव पंचक्रोशीच्या बाहेर गेलं होतं. शिवाय त्याची सगळ्यात मोठी लढाई गरिबीशी झालीच नाही. पैसा आला, नाव झालं, त्यानंतर ती झाली. आणि ती होती एका वाटीभर ग्रेव्हीसाठी.

सातव्या वर्षी चुलीपाशी

सँडर्स पाच वर्षांचा असताना वडील वारले. आई टोमॅटो डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला जायची. धाकट्या दोन भावंडांना सांभाळायचं आणि जेवू घालायचं काम थोरल्यावर आलं. सातव्या वर्षी तो पाव भाजत होता, भाज्या करत होता, मांस शिजवायला शिकत होता.

पुढं आईनं दुसरं लग्न केलं. शाळा सातवीच्या आसपास सुटली आणि तेराव्या वर्षी तो शेतमजुरीसाठी घराबाहेर पडला. मग एकामागून एक धंदे झाले. ट्रामवर कंडक्टर, वय वाढवून सांगून काही महिने सैन्यात, रेल्वे इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन. टपालानं कायदा शिकून वकिली केली, पण कोर्टातच स्वतःच्या अशिलाशी मारामारी झाली आणि ती वकिली तिथंच संपली. विमा विकला, टायर विकले, ओहायो नदीवर फेरीबोटीची कंपनी काढली. स्वभाव तापट, तोंड फटकळ. कुठंच फार टिकला नाही.

पेट्रोल पंपावरचं जेवण

१९३० साली अमेरिकेत मंदी होती. केंटकी राज्यातल्या कॉर्बिन गावात शेल कंपनीनं त्याला एक पंप चालवायला दिला. भाडं नाही, विक्रीवर हिस्सा. पंपावर थांबणारे ड्रायव्हर भुकेले असायचे. सँडर्सनं घरातल्या जेवणाच्या टेबलावरच त्यांना वाढायला सुरुवात केली. तळलेलं चिकन, मांस, भाज्या, गरम पाव आणि चिकनसोबत ग्रेव्ही. हळूहळू पंपापेक्षा जेवणासाठीच गाड्या थांबू लागल्या. मग रस्त्यापलीकडं हॉटेल झालं, मुक्कामाच्या खोल्या झाल्या.

१९३५ मध्ये केंटकीच्या गव्हर्नरनं त्याला ‘कर्नल’ ही मानाची पदवी दिली. म्हणजे तो लष्करातला कर्नल नव्हता. आपल्याकडं एखाद्याला ‘रावसाहेब’ म्हणावं, तसाच हा प्रकार.

ही ग्रेव्ही होते कशी?

आपल्याकडं रश्श्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण येतं. केंटकीची ग्रेव्ही वेगळी. तिचा जीव तळणीच्या खरवडीत असतो.

तिकडच्या घरांत कोंबडीचे सालीसकट तुकडे दूध-अंड्याच्या मिश्रणात बुडवतात, मीठ-मिरपूड घातलेल्या मैद्यात घोळवतात आणि बिडाच्या खोलगट तव्यात मध्यम आचेवर तळतात. घाई चालत नाही. आच मोठी केली तर वरून काळं आणि हाडापाशी कच्चं राहतं. अर्धा तास सहज जातो. तुकडा तोडल्यावर हाडाजवळ लाली दिसली, तर तो पुन्हा तव्यात.

तुकडे काढल्यावर तव्यात तळाशी पिठाचा तांबूस चुरा उरतो. जास्तीची चरबी काढून टाकायची, तीन चमचे ठेवायची. जळून काळा झालेला चुरा फेकायचा, तांबूस ठेवायचा. त्यात तीन चमचे मैदा घालून बदामी होईपर्यंत परतायचा. मग दोन कप दूध, किंवा निम्मं दूध आणि निम्मं कोंबडी उकळलेलं पाणी, थोडं थोडं ओतत हलवत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. पाच-सात मिनिटांत दाट झाली की मीठ आणि भरपूर मिरपूड. मैदा कच्चा राहिला तर चव पिठूळ लागते.

साहित्य एवढंच. पण चव येते ती खरवडीमुळं. नुसतं पाणी आणि पीठ उकळलं तर ती ग्रेव्ही नाही, खळ होते. सँडर्सचं पुढचं सगळं भांडण याच गोष्टीवर झालं.

कुकरची युक्ती

अर्धा तास थांबायला गिऱ्हाईक तयार नसायचं. १९३९च्या सुमारास बाजारात नवे प्रेशर कुकर आले. सँडर्सनं त्यात फेरफार करून दाबाखाली चिकन तळायची पद्धत बसवली. वेळ दहा मिनिटांच्या आत आला आणि मांस रसदार राहिलं. १९४० मध्ये ११ मसाल्यांचं मिश्रणही पक्कं झालं. ते आजही गुपित आहे.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या घरच्या कुकरमध्ये तेल भरून, झाकण लावून तळायचा प्रयोग कुणी करू नये. तो कुकर पाण्याच्या वाफेसाठी बनवलेला असतो. उकळतं तेल दाबानं उडालं तर जिवावर बेततं. दाबाखाली तळायची यंत्रं वेगळी असतात.

रस्ता वळला, धंदा बसला

१९५२ मध्ये युटा राज्यातल्या पीट हार्मन या हॉटेलवाल्यानं सँडर्सचं चिकन आपल्याकडं विकायला सुरुवात केली. हा पहिला करार. सँडर्स तेव्हा ६२ वर्षांचा होता. पण त्याचा खरा आधार कॉर्बिनचं हॉटेलच होतं.

तोच आधार गेला. नवा महामार्ग कॉर्बिनला बगल देऊन जाणार हे ठरलं आणि गिऱ्हाईक आटलं. बायपास झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या ढाब्याचं काय होतं, हे आपल्याकडंही सांगायला नको. १९५६ मध्ये हॉटेल तोट्यात विकावं लागलं. देणी भागवल्यावर हातात उरली ती महिना १०५ डॉलरची सरकारी पेन्शन.

मग हा म्हातारा गाडीत कुकर आणि मसाल्याची पाकिटं टाकून निघाला. गावोगावच्या हॉटेलात स्वतः चिकन तळून दाखवायचा. पटलं तर हात मिळवून सौदा, एका कोंबडीमागं चार-पाच सेंट. रात्री कितीदा तरी गाडीतच झोपायचा. घरी बायको क्लॉडिया मसाले मिसळून पाकिटं पाठवायची. या धंद्यात तिचे कष्ट निम्मे होते, पण पाटीवर चेहरा एकट्याचाच आला.

१९६४ पर्यंत सहाशेहून अधिक ठिकाणी हे चिकन विकलं जाऊ लागलं.

नाव विकलं, आणि...

एवढा पसारा ७३ वर्षांच्या माणसाला आवरेना. १९६४ मध्ये जॉन ब्राउन आणि जॅक मॅसी यांना त्यानं कंपनी २० लाख डॉलरला विकली. वर जन्मभर पगार, आणि कॅनडातला धंदा स्वतःकडं. बदल्यात त्याचा चेहरा, त्याचं नाव, त्याचा पांढरा कोट कंपनीचा झाला.

सात वर्षांत हीच कंपनी ह्युब्लाइन नावाच्या दारूच्या बड्या कंपनीनं २८ कोटी डॉलरहून अधिक किमतीला घेतली. पण सँडर्सला पैशापेक्षा दुसरंच सलत होतं. ग्रेव्ही बदलली होती. जुनी पद्धत चांगली, पण दुकानातल्या नव्या पोरांना ती जमत नाही आणि वेळ फार लागतो, असं कंपनीच्या लोकांचं म्हणणं. कंपनीच्या बाजूनं पाहिलं तर त्यातही तथ्य होतं. हजारो दुकानांत रोज एकसारखी चव द्यायची तर कृती सोपी करावीच लागते.

सँडर्सला ते पटलं नाही. तो न सांगता दुकानांत जायचा, ग्रेव्ही चाखायचा आणि बिघडलेली असली की सगळ्यांसमोर शिव्यांची लाखोली वाहायचा.

त्यानं आणि क्लॉडियानं शेल्बीव्हिल गावात स्वतःचं हॉटेल काढलं, तर नावावरून कंपनीशी वाद पेटला. १९७३ मध्ये त्यानंच कंपनीवर दावा लावला. आपण न बनवलेल्या पदार्थांवर आपला चेहरा वापरतात, ही तक्रार. शेवटी तडजोड झाली आणि क्लॉडियाचं हॉटेल चालू राहिलं.

१९७५ मध्ये त्यानं एका वृत्तपत्राजवळ या ग्रेव्हीला सरळ भिंतीला कागद चिकटवायच्या खळीची उपमा दिली. बोलिंग ग्रीन गावच्या केएफसी चालकानं त्याच्यावर बदनामीचा दावा ठोकला. म्हणजे ज्याचा फोटो दुकानावर, त्याच्यावरच दुकानाची केस! १९७८ मध्ये केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल सँडर्सच्या बाजूनं दिला. त्याचं बोलणं त्या एका दुकानाबद्दल नव्हतं, असं न्यायालयानं धरलं.

शेवट

१६ डिसेंबर १९८० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी सँडर्स गेला. त्याच पांढऱ्या कोटात त्याला लुईव्हिल शहरात पुरलं. त्यानंतर १५ वर्षांनी, १९९५ मध्ये केएफसी भारतात आली, पहिलं दुकान बंगळूरला.

आज गावोगावी बचत गटांच्या बाया मसाले, पापड, लोणची करतात. कुणाचा हात चांगला असतो, मागणी वाढते, आणि एखादा व्यापारी नाव विकत मागतो. तेव्हा या म्हाताऱ्याची आठवण ठेवावी. सह्या करायच्या आधी किमतीबरोबरच माल कसा बनेल, त्यावर कुणाचं लक्ष राहील आणि बिघडला तर आपलं नाव काढून घेता येईल का, हेही कागदावर लिहून घ्यावं. सँडर्सला किंमत मिळाली, पगार मिळाला, मान मिळाला. ग्रेव्हीवरचा हक्क मात्र त्याच्याकडं उरला नाही, आणि त्याचं दुखणं त्याला मरेपर्यंत पुरलं.