कुळांचे कैवारी नारायण नागू पाटील

कर्नाळ्याच्या सुळक्याखाली भात पिकविणाऱ्या घरांतून सातबाऱ्याचा उतारा जपून ठेवलेला असतो. त्या कागदावर कुळाचे नाव सहजासहजी चढलेले नाही. त्यासाठी आपल्या जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत नारायण नागू पाटील हे अग्रणी होत.

त्यांचा जन्म १८९२ चा. त्या काळी जमीन खोताची. कसणारा नुसता कूळ. खळ्यावरचे भात खंडापायी खोताकडे गेले की घरात उरे ते कर्ज. पाटलांनी गावोगाव हिंडून कुळांना एकत्र केले. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे सभा भरली आणि खोताचे शेत कसावयाचेच नाही, असा निर्धार झाला. २५ गावांचा हा संप १९३९ पर्यंत टिकला. मोळ्या विकून, मासे धरून लोकांनी दिवस काढले. चूल पेटती ठेवण्याचा भार अर्थातच आयाबहिणींवर पडला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कुळांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले. त्याच वर्षी पाटलांनी ‘कृषीवल’ पत्र काढले. पुढे १९३९ चा कूळकायदा झाला. १९४९ च्या कायद्याने कोकणातील खोती संपली. १९६८ साली पाटील निवर्तले.

भगिनींनो, २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीलाही वडिलोपार्जित जमिनीत भावाइतकाच वाटा मिळाला आहे. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी चरीच्या त्या सहा वर्षांची एकवार आठवण करावी.