मुखवट्यांच्या कुस्तीला वार्षिक उत्सवाचे रूप देणारा संयोजक : साल्वादोर लुत्तेरोथ

व्यावसायिक कुस्तीचे वार्षिक महासोहळे म्हटले की भारतीय प्रेक्षकाला प्रथम अमेरिकेतील रेसलमेनिया आठवतो. दूरचित्रवाणीमुळे तो गेल्या तीन-चार दशकांत आपल्या घराघरांत पोहोचला आहे. मात्र वर्षातील एक ठरावीक काळ निश्चित करून, वर्षभराच्या वैरांचा निकाल त्या एका रात्री लावण्याची प्रथा अमेरिकेतील या सोहळ्याहून अर्धशतकाने जुनी आहे. ती मेक्सिकोत सुरू झाली. तिचा जनक स्वतः कधीही कुस्तीगीर नव्हता. करखात्यातील नोकरी करता करता कुस्तीच्या प्रेमात पडलेल्या या माणसाचे नाव साल्वादोर लुत्तेरोथ गोन्सालेस. मेक्सिकोत तो आजही लुचा लिब्रेचा, म्हणजे मुक्त शैलीतील व्यावसायिक कुस्तीचा, पिता म्हणून ओळखला जातो.

लुत्तेरोथ यांचा जन्म २१ मार्च १८९७ रोजी हालिस्को प्रांतातील कोलोत्लान या गावी झाला. त्यांचे तारुण्य मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत गेले. १९१० साली पेटलेल्या या संघर्षाने एक संपूर्ण पिढी रणांगणात ओढली होती. लुत्तेरोथ आल्वारो ओब्रेगॉन यांच्या बाजूने लढले आणि कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. युद्ध संपल्यानंतर अनेक सैनिकांप्रमाणे त्यांनीही सरकारी नोकरी पत्करली. करखात्यात मालमत्ता निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक अमेरिकेच्या सीमेवरील सिउदाद हुआरेझ या शहरात झाली.

या शहरासमोर, रिओ ग्रांदे नदीच्या पैलतीरी, टेक्सासमधील एल पासो वसलेले आहे. १९२९ च्या सुमारास लुत्तेरोथ नदी ओलांडून तेथील लिबर्टी हॉलमध्ये कुस्तीचे खेळ पाहायला जाऊ लागले. गस पापास या ग्रीक कुस्तीगिराच्या खेळाने ते विशेष प्रभावित झाले. मातीत किंवा गादीवर होणाऱ्या स्पर्धात्मक कुस्तीपेक्षा हा प्रकार वेगळा होता. येथे शरीरसामर्थ्य आणि कौशल्य खरेच पणाला लागत असले, तरी लढतीचा निकाल आधी ठरलेला असे आणि खेळाला नाट्याची जोड असे. असा खेळ मेक्सिकोला अगदीच अपरिचित नव्हता. परदेशी पथके अधूनमधून येत, चार दिवस गर्दी जमवत आणि निघून जात. त्यांच्यामागे टिकणारी व्यवस्था मात्र उरत नसे. लुत्तेरोथ यांना नेमकी हीच उणीव जाणवली.

फ्रान्सिस्को आहुमादा यांना भागीदार करून त्यांनी एम्प्रेसा मेक्सिकाना दे लुचा लिब्रे ही संस्था स्थापन केली. मेक्सिको सिटीतील अरेना मोदेलो या जुन्या, वापरात नसलेल्या क्रीडागृहात २१ सप्टेंबर १९३३ रोजी तिचा पहिला कार्यक्रम झाला. याकी जो, चिनो अचिउ, बॉबी सॅम्पसन आणि सायक्लोन मॅकी हे कुस्तीगीर त्या दिवशी रिंगणात उतरले. त्या वेळी लुत्तेरोथ ३६ वर्षांचे होते. जागतिक मंदीच्या त्या काळात सरकारी पगाराची सुरक्षितता सोडून करमणुकीच्या धंद्यात उतरणे हे मोठेच धाडस होते.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३४ मध्ये, संस्थेने पहिला वर्धापनदिन कुस्तीच्या खास कार्यक्रमाने साजरा केला. वरवर पाहता ही एका नव्या संस्थेने स्वतःची पाठ थोपटण्याची गोष्ट होती. परंतु हा कार्यक्रम दरवर्षी होऊ लागला, तसतसे त्याला उत्सवाचे रूप आले. सप्टेंबर जवळ आला की कोणत्या वैराचा निकाल यंदा लागणार, याची चर्चा शहरात सुरू होई. दर आठवड्याच्या लढती या मोठ्या रात्रीची तयारी ठरू लागल्या. प्रेक्षकांना प्रतीक्षेची सवय लागली आणि पुढे त्या प्रतीक्षेवरच या व्यवसायाचे सारे गणित उभे राहिले.

वार्षिक सोहळ्याला खरा अर्थ दिला तो मुखवट्याने. १९३४ मध्येच सायक्लोन मॅकी याने चेहरा झाकून लढण्याचे ठरवले आणि आन्तोनियो मार्तिनेस या चर्मकाराकडून चामड्याचा मुखवटा शिवून घेतला. पहिला मुखवटा नीट बसला नाही. मात्र मार्तिनेस यांनी कुस्तीची गरज ओळखून त्यात सुधारणा केली आणि पुढे त्यांच्या कुटुंबाचा तोच व्यवसाय झाला. मॅकी ला माराविया एन्मास्कारादा, म्हणजे मुखवटाधारी चमत्कार, या नावाने रिंगणात आला. मुखवट्यांचा वापर अमेरिकेतही झाला होता, पण तेथे ती तात्पुरती युक्ती होती. मेक्सिकोत मात्र मुखवटा हीच कुस्तीगिराची ओळख ठरली.

१४ जुलै १९४० रोजी या परंपरेला निर्णायक वळण मिळाले. मुर्सिएलागो वेलास्केस हा मुखवटाधारी कुस्तीगीर ऑक्ताव्हियो गाओना या आपल्याहून वजनदार प्रतिस्पर्ध्याशी लढणार होता. वजनातील फरक पाहता आपण मुखवटा पणाला लावत असू, तर समोरच्याने डोक्यावरचे केस पणाला लावावेत, अशी अट त्याने घातली. गाओना जिंकला आणि मुर्सिएलागोला चेहरा उघडा करावा लागला. मुखवटा किंवा केस पणाला लावण्याच्या पैजेच्या लढती येथूनच रूढ झाल्या.

या पैजेचे मोल समजल्याशिवाय मेक्सिकोतील वार्षिक सोहळ्याचे मर्म उमगत नाही. विजेतेपदाचा पट्टा आज गमावला तरी उद्या परत मिळवता येतो. केसही पुन्हा वाढतात. मुखवटा मात्र एकदा गेला की कायमचा गेला. पराभूत कुस्तीगिराला भर रिंगणात तो उतरवावा लागतो. त्याचे खरे नाव आणि जन्मगाव जाहीर होते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत त्याचे छायाचित्र झळकते आणि त्या रूपात पुन्हा मुखवटा घालण्याचा हक्क संपतो. लढतीचा निकाल आधी ठरलेला असला, तरी त्याचा परिणाम खरा असतो. ज्या खेळाला अनेक जण खोटा म्हणून हिणवतात, त्या खेळाच्या केंद्रस्थानी लुत्तेरोथ यांच्या संस्थेने परत न फिरवता येणारी एक खरी हानी आणून ठेवली. असे प्रसंग वारंवार घडवता येत नाहीत. म्हणूनच ते वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीसाठी राखून ठेवण्याची रीत पडत गेली.

लुत्तेरोथ यांचे दुसरे मोठे काम म्हणजे स्वतःची क्रीडागृहे उभारणे. राष्ट्रीय लॉटरीत त्यांना ४० हजार पेसोंचे बक्षीस लागले आणि ती रक्कम त्यांनी कुस्तीतच गुंतवली. २ एप्रिल १९४३ रोजी मेक्सिको सिटीच्या जुन्या भागात अरेना कोलिसेओ सुरू झाले. उद्घाटनाच्या मुख्य लढतीत तार्सान लोपेस आणि एल सान्तो समोरासमोर आले. जागा भाड्याने घेणारा संयोजक मालकाच्या मर्जीवर अवलंबून असतो. स्वतःची वास्तू असली की वर्षाचे वेळापत्रक आपल्या हाती राहते. लुत्तेरोथ यांच्या संस्थेच्या दीर्घायुष्याचे एक महत्त्वाचे कारण यात सापडते.

आरंभी त्यांचा भर परदेशी कुस्तीगिरांवर होता, पण हळूहळू मेक्सिकन कुस्तीगिरांची पिढी तयार झाली. ग्वादालाहारा येथे दियाब्लो वेलास्को यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी अनेकांना घडवले. तंत्रशुद्ध, सज्जन कुस्तीगीर म्हणजे तेक्निको आणि नियम मोडणारा दांडगट म्हणजे रुदो, अशी विभागणी प्रेक्षकांच्या अंगवळणी पडली. २६ जुलै १९४२ रोजी रोदोल्फो गुस्मान वेर्ता हा कुस्तीगीर रुपेरी मुखवटा घालून एल सान्तो या नावाने प्रथम रिंगणात उतरला. पुढे चित्रकथा आणि ५० हून अधिक चित्रपटांमधून तो मेक्सिकोचा लोकनायक बनला. ७ नोव्हेंबर १९५२ रोजी अरेना कोलिसेओमध्ये त्याने ब्लॅक शॅडोचा मुखवटा जिंकला, तेव्हा अलेहान्द्रो क्रूस हे नाव लोकांना प्रथमच कळले. त्याचा सहकारी ब्लू डेमन याने १९५३ मध्ये सान्तोला हरवून वेल्टरवेट गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. सान्तोने स्वतःचा मुखवटा कधीही गमावला नाही. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा त्याला मुखवट्यासह दफन करण्यात आले.

वाढत्या गर्दीला जुनी क्रीडागृहे अपुरी पडू लागल्यावर लुत्तेरोथ यांनी त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी वास्तू उभारली. २७ एप्रिल १९५६ रोजी अरेना मेक्सिकोचे दरवाजे उघडले. १६ हजारांहून अधिक प्रेक्षक सामावणारी ही वास्तू कुस्तीसाठी अवाढव्य असल्याची टीका तेव्हा झाली, पण ती भरू लागली. १९६८ च्या ऑलिंपिकमधील मुष्टियुद्धाच्या लढतीही तेथेच झाल्या. आज तिला लुचा लिब्रेचे कॅथेड्रल म्हटले जाते आणि वार्षिक सोहळ्याचे तेच घर आहे.

या यशाला दुसरी बाजूही आहे. १९५० च्या दशकात राजधानीच्या प्रशासनाने महिलांच्या कुस्तीवर बंदी घातली आणि ती १९८६ पर्यंत टिकली. तीन दशके महिला कुस्तीगिरांना राजधानीबाहेरच्या छोट्या शहरांत खेळून पोट भरावे लागले. देशातील सर्वांत मोठी रात्र त्यांच्यासाठी बंदच होती. शिवाय मोठी क्रीडागृहे, परदेशी संबंध आणि प्रसिद्धी एकाच संस्थेकडे एकवटल्याने कोणाला मोठे करायचे आणि कोणाचा मुखवटा कधी उतरवायचा, याचा निर्णयही तिच्याच हाती राहिला. ज्या कुस्तीगिरांच्या शरीरावर हा सारा डोलारा उभा होता, त्यांना घासाघीस करण्यास फारसा वाव नव्हता.

वयोमानानुसार लुत्तेरोथ यांनी कारभार मुलाकडे सोपवला. पुढे तो नातवाकडे गेला. सप्टेंबर १९८३ मध्ये संस्थेचा ५० वा वर्धापनदिन साजरा झाला. त्या रात्री सांग्रे चिकाना आणि एमएस-१ यांच्यातील केसांच्या पैजेची लढत गाजली. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथे पहिला स्टारकेड झाला आणि त्याचे प्रक्षेपण अन्य शहरांतील सभागृहांतही दाखवण्यात आले. ३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९ हजार १२१ प्रेक्षकांच्या उपस्थितीत पहिला रेसलमेनिया पार पडला. जपानमध्ये १९९२ पासून दर ४ जानेवारीला टोकियो डोममध्ये भव्य कार्यक्रम होऊ लागला. या संयोजकांनी मेक्सिकोची नक्कल केली असे म्हणता येणार नाही. त्यांची साधने आणि प्रेक्षक वेगळे होते. मात्र वर्षभराच्या कथानकाची सांगता एका ठरलेल्या रात्री करण्याचे तत्त्व मेक्सिकोत तोवर अर्धशतक पारखले गेले होते.

५ सप्टेंबर १९८७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, साल्वादोर लुत्तेरोथ यांचे निधन झाले. संस्थेचा ५४ वा वर्धापनदिन अगदी जवळ आला होता. त्यांच्या पश्चात संस्थेने कोन्सेहो मुन्दियाल दे लुचा लिब्रे हे नवे नाव घेतले. १९९२ मध्ये आन्तोनियो पेन्या अनेक तरुण कुस्तीगिरांसह बाहेर पडले आणि त्यांनी प्रतिस्पर्धी संस्था उभी केली. आपले वेगळेपण ठसवण्यासाठी त्यांनीही वार्षिक सोहळ्याचाच मार्ग निवडला. ३० एप्रिल १९९३ रोजी राजधानीतील बैलझुंजीच्या भव्य मैदानात झालेल्या पहिल्या त्रिपलेमानियाला सुमारे ४८ हजार प्रेक्षक आले. लुत्तेरोथ यांच्या घराण्याला आव्हान देणाऱ्यांनाही त्यांनीच घालून दिलेल्या वाटेने जावे लागले.

२०१८ मध्ये मेक्सिको सिटीने लुचा लिब्रेला शहराचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. २१ सप्टेंबर हा लुत्तेरोथ यांच्या पहिल्या कार्यक्रमाचा दिवस तेथे लुचा लिब्रेचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये ९० व्या वर्धापनदिनी तेम्प्लारियोने ड्रॅगन रोहो ज्युनियरचा मुखवटा जिंकला आणि हजारो प्रेक्षकांसमोर आणखी एका कुस्तीगिराचा चेहरा उघड झाला. व्यावसायिक कुस्तीतील हा जगातील सर्वांत जुना वार्षिक सोहळा मानला जातो. अन्यत्रच्या सोहळ्यांची भव्यता आणि उलाढाल कितीतरी मोठी आहे. तरीही सीमेवरच्या एका करनिरीक्षकाने ओळखलेली गोष्ट आजही तितकीच खरी आहे. लोक वर्षभर वाट पाहायला तयार असतात, पण त्या रात्री कोणाचे तरी काहीतरी खरोखर पणाला लागलेले असावे लागते.