सर मॉरिस ग्वायर आणि संघराज्याआधीचे न्यायालय

कर्जउभारणीच्या मर्यादेवरून केरळने केंद्राविरुद्ध अनुच्छेद १३१ अन्वये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये घटनापीठाकडे सोपवला, तेव्हा मला सर मॉरिस ग्वायर आठवले. राज्याने केंद्राला थेट देशाच्या श्रेष्ठ न्यायपीठापुढे खेचावे, ही सोय आपल्या राज्यघटनेने १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून घेतली. त्या कायद्याच्या मसुद्यावर ग्वायर यांचा हात फिरला होता, आणि पुढे त्याचा अर्थ लावण्याचे कामही त्यांच्याच वाट्याला आले.

जन्म १८७८ चा, शिक्षण ऑक्सफर्डचे. ब्रिटिश सरकारचे विधिसेवक म्हणून बहुतेक कारकीर्द गेल्यावर १९३४ मध्ये ते संसदेसाठी विधेयकांचे मसुदे करणाऱ्या कार्यालयाचे प्रमुख झाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये दिल्लीत फेडरल कोर्ट स्थापन झाले आणि ग्वायर त्याचे पहिले सरन्यायाधीश. सोबत सर शाह मुहम्मद सुलेमान आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. न्यायालय बसे संसद भवनातील नरेंद्र मंडळाच्या दालनात. संस्थानिक सामील न झाल्याने संघराज्य कधी अस्तित्वातच आले नाही. त्या संघराज्याचे न्यायालय मात्र संस्थानिकांच्याच दालनात भरत राहिले.

अधिकार तुटपुंजे होते. प्रांतांचे आपसातील व केंद्राशी असलेले वाद, उच्च न्यायालयाने घटनात्मक प्रश्न असल्याचा दाखला दिलेली अपिले आणि गव्हर्नर जनरलने मागितलेला सल्ला, एवढेच क्षेत्र. नेहमीची दिवाणी-फौजदारी अपिले लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच जात आणि फेडरल कोर्टाच्या निकालावरही तिथे दाद मागता येई. अमेरिकेसारखी संघराज्याच्या कनिष्ठ न्यायालयांची वेगळी उतरंड इथे उभी केली गेली नाही. कायदा केंद्राचा असो वा प्रांताचा, खटला त्याच न्यायालयांत चाले. ही रचना आपण तशीच ठेवली.

सल्ल्याचा पहिला प्रसंग मध्य प्रांत व वऱ्हाडातून आला. तेथील विधिमंडळाने १९३८ मध्ये पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. केंद्राचे म्हणणे, हे तर उत्पादनशुल्क, आणि ते आमचे. ग्वायर यांनी दोन्ही सूच्या एकत्र वाचल्या: उत्पादनशुल्काचा संबंध वस्तू निर्माण होण्याशी, विक्रीकराचा ती विकली जाण्याशी, म्हणून प्रांताचा कायदा वैध. प्रांतांचा हा कर पुढे राज्यांच्या तिजोरीचा कणा झाला. वस्तू व सेवा करानंतरही पेट्रोल-डिझेल राज्यांनी हातचे सोडलेले नाही, यामागचे कारण समजून घ्यायचे तर मी त्या सल्ल्यापासून सुरुवात करीन.

ग्वायर यांच्या न्यायालयाची खरी कसोटी लागली ती स्थानबद्धांच्या प्रकरणात. ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर हजारो माणसे भारत संरक्षण नियमांतील नियम २६ खाली विनाचौकशी तुरुंगात होती. त्यांपैकी केशव तळपदे यांचे अपील मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला आले. मूळ कायद्यात स्थानबद्धतेसाठी वाजवी संशयाची अट होती. नियमात मात्र सरकारचे समाधान झाले की पुरे, असे लिहिलेले. एप्रिल १९४३ मध्ये, निवृत्तीला अवघे काही दिवस उरले असताना, ग्वायर यांनी हा नियम अधिकारबाह्य ठरवला. महायुद्ध चालू होते आणि निकाल देणारा न्यायाधीश इंग्रज होता. शब्दांचे माप घेण्यात आयुष्य घालवलेल्या मसुदाकाराला कायदा आणि नियम यांतील ती फट दिसली नसती तरच नवल. पण दिसलेली फट त्या दिवसांत उघडपणे सांगणे ही निराळी गोष्ट.

सरकारने आठवडाभरात अध्यादेश काढून मूळ कायद्यातील शब्दच पूर्वलक्षी प्रभावाने बदलले. १९४५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, दुसऱ्या प्रकरणात, तळपदे निकालच चुकीचा ठरवला. न्यायालयाचे म्हणणे वरून लंडनने आणि बाजूने अध्यादेशाने खोडता येत होते. लंडनची वाट १९४९ मध्ये बंद झाली. अध्यादेशाची अजून उघडी आहे.

त्याआधी, १९४२ मध्ये, बंगालचे आमदार निहारेंदु दत्त मजुमदार यांची शिक्षा रद्द करताना ग्वायर यांनी राजद्रोहाची व्याप्ती आवळली होती. सरकारवर जहरी टीका पुरेशी नाही. सार्वजनिक अव्यवस्थेकडे कल हवा. मुंबईतून गेलेल्या सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात १९४७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हेही नाकारले.

दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरूपद त्यांनी १९३८ मध्ये न्यायालयाच्या जोडीनेच स्वीकारले आणि निवृत्तीनंतरही सांभाळले. मिरांडा हाउस हे मुलींचे महाविद्यालय १९४८ मध्ये त्यांनी उभे केले. ते १९५० मध्ये पायउतार झाले आणि इंग्लंडला परतले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज नरेंद्र मंडळाच्या त्याच दालनात सुरू झाले.

ग्वायर १९५२ मध्ये वारले. त्यानंतर दहा वर्षांनी, केदारनाथ सिंह विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे राजद्रोहाचे दोन्ही अर्थ मांडले गेले, फेडरल कोर्टाचा आणि प्रिव्ही कौन्सिलचा. पीठाने फेडरल कोर्टाचा अर्थ स्वीकारला.